निळ्या ड्रमात आधी काय होतं?

मे महिन्यात आमच्या गावात नळ चार दिवसांआड येतो. मग आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगांशेजारी निळे ड्रम उभे राहतात. दोनशे लिटरचे, जाड प्लास्टिकचे, एकावर एक रचलेले. शेजारच्या काकूंनी यंदा एक आणला. अंगणात आडवा पाडून राखेनं आतून घासता घासता त्यांनी मला हाक मारली.

"काहो भाऊ, तुमी कंपनीत होते ना? पाहा बरं काय लिवलं हाय ह्याच्यावर. सातशे रुपये देल्ले म्या. साबनानं खंगाळला तं पिन्याच्या पान्याले चालते ना?"

लेबल कोणीतरी पत्र्यानं खरवडलं होतं. तळहाताएवढा तुकडा तेवढा उरला होता. त्यावर टोकावर उभ्या लाल चौकोनात एक मेलेला मासा आणि वाळकं झाड, आणि खाली एका लांब आकड्याचं शेपूट: ४५-९. बाकी काही नाही.

मी अकरा वर्षं एका प्रोसेस हाउसच्या स्टोअरमध्ये होतो. प्रोसेस हाउस म्हणजे जिथं कोरं कापड येतं आणि धुऊन, रंगून, मऊ होऊन बाहेर पडतं. मी रंगारी नव्हे. ड्रम मोजून घेणं, रजिस्टरला चढवणं आणि चिठ्ठी आली की माल देणं एवढंच माझं काम. काकूंना मी सांगितलं की पिण्याच्या पाण्याला हा चालणार नाही, ढोरांच्याही नाही. असं प्लास्टिक आतलं थोडं पिऊन बसतं, ते राखेनं निघत नाही. पण आत काय होतं, हे काही मला सांगता आलं नाही. ड्रम होता, त्याचं नाव गेलं होतं.

कापड आणि चपला-बुटांच्या धंद्यात घातक रसायनांचा माग ठेवायचा आणि ती उघड करायची, असा एक मोठा खटाटोप जगभर चालू आहे. त्यात याद्या आहेत, तपासण्या आहेत, पोर्टलं आहेत, इंग्रजी लघुरूपांचा तर नुसता पाऊस आहे. पण मुळात सगळं एवढ्यासाठीच आहे, की एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतलं तरी नाव सोबत जावं.

आपल्याकडे कपाशीची फवारणी संपली की औषध संपलं असं वाटतं. बोंड फुटलं, वेचा झाला, गाडी जिनिंगला गेली, सुटलो. खरं तर दुसरी फवारणी तिथून पुढं सुरू होते. सुताला विणण्याआधी खळ लावतात, विणल्यावर ती काढतात. मग कास्टिकमध्ये उकळायचं, पेरॉक्साइडनं पांढरं करायचं, रंगवायचं, रंग पक्का करायचा, सॉफ्टनर द्यायचा. चुरगळू नये म्हणून एक फिनिश, पाणी चिकटू नये म्हणून आणखी एक. जीन्सच्या मांडीवर जो पांढुरका घासल्यासारखा पट्टा दिसतो, तो बऱ्याचदा पोटॅशियम परमँगनेटच्या फवाऱ्यानं काढलेला असतो. पोरगं हातात गन धरून एकामागून एक पॅन्टीवर मारत जातं. पाठीवर पंप नाही, एवढाच फरक. यातली पुष्कळ रसायनं साधी आहेत, नीट वापरली तर फारसा धोका नाही. काही मात्र वेगळी.

माझ्या स्टोअरला दोनशेच्या वर नावं होती, आणि त्यातली बहुतेक खोटी. खोटी म्हणजे फसवी नव्हेत, ठेवलेली. रसायन बाजारात आपल्या नावानं येतच नाही. कंपनीनं दिलेलं छानसं नाव आणि पुढं एक नंबर, आत चार-पाच पदार्थांचं मिश्रण. विचारलं तर उत्तर ठरलेलं: आमचा फॉर्म्युला आहे, सांगता येणार नाही. तोच पदार्थ दुसऱ्या कंपनीकडून वेगळ्या नावानं येतो. म्हणजे एका कंपनीचं बंद केलं तरी दुसऱ्या नावानं तोच माल आपण पुन्हा आत घेत असू, आणि कळणारही नाही.

यावर तोडगा म्हणजे कॅस नंबर. माणूस घरी बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण, बायकोला 'अहो', पण आधारचा नंबर एकच. तसा प्रत्येक रसायनाला जगभर एकच नंबर असतो. फॉर्मल्डिहाइडचा ५०-००-०, बेंझीनचा ७१-४३-२. यात शेवटचा आकडा पहारेकरी असतो. बेंझीनचाच घ्या. शेवटचा २ बाजूला ठेवा, उरले ७, १, ४, ३. उजवीकडून सुरू करून पहिल्याला एकनं गुणा, पुढच्याला दोननं, मग तीननं, मग चारनं: ३, ८, ३, २८. बेरीज ४२, शेवटचा आकडा २. जुळला. आकडा लिहिताना हात चुकला तर हा पहारेकरी बहुतेक वेळा पकडतो. रिकाम्या दुपारी मी रजिस्टरमधले नंबर असे तपासत बसायचो; साहेबाला वाटायचं, हिशोब चाललाय.

नंबराबरोबर एक कागद यायला हवा. त्याला सगळे एसडीएस म्हणतात, जुने लोक एमएसडीएस. सोळा भागांचा हा कागद म्हणजे रसायनाचा सातबारा. तिसऱ्या भागात आत काय आहे, चौथ्यात अंगावर सांडलं तर पहिल्यांदा काय करायचं, आठव्यात हातमोजा-चष्मा कोणता, बाराव्यात पाण्यातल्या जिवांचं काय होतं. कागद चांगला आहे. अडचण एवढीच, की आमच्याकडे तो फाइलमध्ये होता, फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, आणि सगळं इंग्रजीत. कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत, ड्रम कधी येतच नसे. तिथं यायचा तो कारबा, पंचवीस-तीस लिटरचा, आणि त्यावर मार्करनं एकच शब्द.

एकदा रात्रपाळीला कारब्यावर लिहिलं होतं: सोडा. नवीन पोरगा होता. त्याच्या घरी सोडा म्हणजे धुण्याचा. त्यानं उघड्या हातानं उपसला. तो कास्टिक सोडा होता. नळ जवळ होता म्हणून निभावलं, पण तळव्याची कातडी पार पांढरी पडून सुटली. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली तेव्हा रजिस्टर बरोबर, ड्रमचं लेबल बरोबर, एसडीएसही हजर. सगळे कागद पास. नाव हरवलं होतं ते ड्रम आणि कारब्याच्या मधल्या दहा पावलांत. माग ठेवायचा म्हणजे काय, हे मला कुठल्या प्रशिक्षणात नाही, तिथं समजलं.

आता याद्यांकडे येऊ. या धंद्यात दोन याद्या चालतात आणि साहेबलोकसुद्धा त्यांची गल्लत करतात. एक आरएसएल, दुसरी एमआरएसएल. आपल्या भाषेत सांगतो. बाजारातल्या वांग्यात औषधाचा अंश किती राहिला हे तपासणं, ही झाली पहिली. तयार कपड्यात, तयार बुटात अमुक पदार्थ अमुक मापाच्या वर नको. दुसरी म्हणजे कृषी केंद्राच्या फळीवर ते औषध ठेवायचंच नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो पदार्थ मुद्दाम वापरायला येताच कामा नये.

वांगं चाचणीत पास झालं म्हणजे भागलं, असं कोणी म्हणेल. भागत नाही, आणि त्याचं उत्तम उदाहरण एनपीई. पूर्ण नाव नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट. साबणासारखं काम करतो, कापड पटकन भिजवतो, तेलाचे डाग काढतो, स्वस्त मिळतो. एके काळी प्रत्येक प्रोसेस हाउसमध्ये हा असायचाच. पण हा पाण्यात गेला की तुटून नोनिलफेनॉल होतो. ते लवकर नाहीसं होत नाही, माशांना विषारी आहे, आणि त्यांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. आता गंमत बघा. एनपीई धुऊन निघतो. चांगलं धुतलेलं कापड प्रयोगशाळेत पाठवा, पास होईल. निघालेला माल नाल्याला गेलेला असतो. कापड तपासणाऱ्याला सगळं आबादीआबाद दिसतं, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला कोणी काही तपासत नाही. म्हणून यादी फाटकाजवळ नेली, मालाच्या येण्याच्या वाटेवर.

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. जर्मनीनं १९९४ मध्ये काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. सगळे अ‍ॅझो रंग वाईट नव्हेत. जे तुटून बेंझिडिनसारखी कर्करोग करणारी अमाइन्स सोडतात तेवढेच. कपडा जर्मनीला विकणाऱ्या भारतीयांची तेव्हा पळापळ झाली, आणि आपल्या सरकारनंही नव्वदच्या दशकात असे ११२ रंग बंद केले. पण हा मुख्यतः कपडा घालणाऱ्याचा हिशोब होता. पाण्याचा प्रश्न पेटला तो २०११ मध्ये, जेव्हा ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं चीनमधल्या कापड कारखान्यांचं सांडपाणी तपासून मोठ्या ब्रँडांना जाहीर विचारलं, की हे तुमचंच ना? त्याच वर्षी आदिदास, नायके, प्यूमा, एचअँडएम, सीअँडए आणि ली निंग या सहा जणांनी मिळून २०२० पर्यंत घातक रसायनांचं सोडणं शून्यावर आणायचं ठरवलं. त्या गटाचं नाव झेडडीएचसी. २०१४ मध्ये त्यांची पहिली एमआरएसएल आली. २०२० आलं आणि गेलं, शून्य काही झालं नाही. पण एक सामाईक यादी मात्र उभी राहिली. नाहीतर त्याआधी प्रत्येक ब्रँडची यादी निराळी, आणि एकाच कारखान्यात एकाच ड्रमसाठी पाच फॉर्म.

आता पद्धत अशी आहे की कारखाना दर महिन्याला स्टोअरची यादी पोर्टलवर चढवतो, आणि त्यातला किती माल मान्य यादीतला आहे ते टक्क्यांत दिसतं. इथं स्टोअरवाल्याचा एक कानमंत्र देतो. टक्का नावांचा आहे की वजनाचा, हे विचारायचं. शंभर नावांपैकी पंच्याण्णव हिरवी असली तर कानाला गोड वाटतं. पण उरलेल्या पाचांत एखादा पदार्थ असा असतो, जो महिन्याला टनानं ओतला जातो. वजनाचा हिशोब केला की सगळा गोडवा उतरतो.

दुसरी तपासणी पाण्याची, वर्षातून दोनदा. यात मला खरोखर आवडलेली एक युक्ती आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटला सगळे ईटीपी म्हणतात. बंदीच्या रसायनांसाठी नमुना घेतात तो ईटीपीच्या आधीचा, घाण पाण्याचा. कारण प्रश्न असा नाही, की तुम्ही पाणी किती साफ केलं. प्रश्न असा आहे, की हा पदार्थ तुमच्याकडे आलाच कसा? स्टोअरच्या यादीत नाव नाही आणि घाण पाण्यात पदार्थ सापडला, तर दोन्हींपैकी एक खोटं बोलतंय. पाणी तर खोटं बोलत नाही. कधी कधी मालक खरंच निर्दोष असतो, पदार्थ दुसऱ्या कोणाच्या मिश्रणातून, सुताला लावलेल्या तेलातून, खळीतून येतो. मग एकेक पुरवठादार मागं जात शोध घ्यायचा.

बुटाचं प्रकरण आणखी किचकट. कापड निदान एका जातीचं असतं. बूट म्हणजे वरचं चामडं किंवा रेक्झिन, अस्तर, फोम, तळ, दोरा, लेस, रिंगा आणि हे सगळं धरून ठेवणारा गोंद, प्रत्येक गोष्ट वेगळ्या गावाची. चामडं क्रोमच्या मिठानं कमावतात. ते क्रोम तिसऱ्या अवस्थेतलं, त्याचा फारसा त्रास नाही. पण कमावणीत चूक झाली, की पुढं ऊन-वारा लागून त्यातलं काही सहाव्या अवस्थेत जातं, आणि ते कातडीला अ‍ॅलर्जी करतं. युरोपनं मे २०१५ पासून त्याला किलोमागे तीन मिलिग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे कारखान्यातून निघताना पास असलेला बूट गोदामात नापास होऊ शकतो. मऊ पीव्हीसीत ते मऊ करणारं थॅलेट, गोंदात उडून जाणारी द्रावणं. आणि खोक्यातली ती छोटी पुडी! बहुतेक पुड्या साध्या सिलिका जेलच्या असतात. पण काही कंपन्यांनी बुरशी लागू नये म्हणून पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट भरलं होतं. सोफ्यांनी आणि बुटांनी युरोपातल्या लोकांची कातडी अक्षरशः भाजून काढली, तेव्हा २००९ मध्ये त्यावर बंदी आली. बुटाच्या कुठल्याच भागाच्या यादीत ते नव्हतं, कारण पुडीला कोणी बुटाचा भाग समजतच नव्हतं.

हे झालं माग ठेवणं. उघड करणं वेगळं, आणि तिथं माझा खरा तंटा आहे. उघड करायचं, पण कोणाला?

युरोपातल्या गिऱ्हाइकाला कायद्यानं विचारता येतं. तिथल्या रसायनांच्या रीच कायद्यात अति चिंताजनक पदार्थांची यादी आहे, सध्या अडीचशेच्या आसपास. वस्तूत त्यातलं काही वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर गिऱ्हाइकानं विचारल्यावर दुकानदाराला ४५ दिवसांत, फुकट, उत्तर द्यावं लागतं. पुढं प्रत्येक कपड्याला क्यूआर कोडचा डिजिटल पासपोर्ट यायचा आहे. त्याचा कायदा २०२४ मध्ये झाला. म्हणजे आमच्या कापसाच्या शर्टाबद्दल बर्लिनच्या बाईला सगळं कळेल. चांगलं आहे. माझी काही तक्रार नाही.

पण नाल्याकाठच्या माणसाला? इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८४ ला भोपाळ झालं. त्यातून धडा घेऊन अमेरिकेनं १९८६ मध्ये कायदा केला, की कारखान्यानं कोणतं विष किती हवेत-पाण्यात सोडलं त्याचा आकडा दरवर्षी जाहीर करायचा, कोणीही पाहू शकेल असा. आपणही १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कलम ४१-ब घातलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यानं धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची. आसपासचे लोक, असं कायद्यात आहे. चामडं कमावणं आणि रंग बनवणं त्या यादीत आहे. फॅक्टरी कायद्याच्या जागी केलेल्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली. शिवाय २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यानं फाटकाबाहेर बोर्ड लावून हा तपशील लिहायचा.

तो बोर्ड तुम्ही एमआयडीसीत पाहिला असेल. हिरवा किंवा पांढरा, रकाने आखलेले, खाली तारखेची जागा. आमच्या फाटकावरही होता. त्यावरची तारीख मी लागलो तेव्हा होती तीच मी सोडलं तेव्हा होती. कोणी वाचतच नाही म्हटल्यावर लिहिणार कोण? पण त्या रकान्यांमागं आणखी एक कागद असतो. पर्यावरण विवरण, फॉर्म पाच. प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्यानं दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत तो मंडळाकडे भरायचा असतो: पाणी किती लागलं, कच्चा माल किती, बाहेर काय सोडलं, घातक कचरा किती. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर, साध्या मराठीत अर्ज करून, तो मागता येतो. ग्रामपंचायतीनं ठराव घेऊन मागितला तर वजन आणखी.

आपल्या भागाला हे आता जास्त लागू होईल. अमरावतीजवळ नांदगाव पेठला आधीच कापडाचे कारखाने आहेत, आणि तिथल्या पीएम मित्र या सरकारी कापड पार्कची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसली, सुमारे हजार एकरांची. कापूस इथंच कापड होणार असेल तर दुसरी फवारणीही इथंच होणार. निर्यातीच्या कारखान्यांत खरेदीदाराच्या धाकानं यादी तरी असते. खरी पोकळी देशी बाजाराच्या मालात आहे. पोळ्याला आपण हातगाडीवरून जी पॅन्ट घेतो, तिची यादी कोणी मागितलेली नसते. (पहिल्या धुण्यात रंग गेला म्हणजे कापड विषारी, असं मात्र नव्हे. तो बहुधा नीट न धुतलेला जादा रंग असतो. घातक पदार्थांना कित्येकदा ना रंग असतो ना वास. तरी नवा कपडा घालण्याआधी धुवावा हे खरंच, विशेषतः लेकराचा. फॉर्मल्डिहाइडसारखं काही असेल तर बरंचसं निघून जातं.)

आपल्या शेतकऱ्याला हे काही नवीन नाही. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे आता पोरंसुद्धा बघतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तेव्हापासून जास्तच. दवाखान्यात नेलं की डॉक्टरचा पहिला प्रश्न, 'कोणतं औषध होतं?' आणि डबा सोबत नेला असेल तरच उत्तर. कपड्याच्या ड्रमाचंही तसंच आहे, फक्त त्याचा डबा भंगारवाला घेऊन जातो. नियमानं रिकामा ड्रम हासुद्धा घातक कचराच. तो परवानाधारकाकडेच जायला हवा. जातो कुठं, ते आमच्या बाजारात उभं असतं.

काकूंचा ड्रम सध्या माझ्या अंगणात पालथा पडला आहे. ४५-९ हे शेपूट मी पुष्कळ दिवस घोळवलं. एनपीई हा एकच पदार्थ नव्हे, गट आहे, म्हणून त्याला नंबरही अनेक; त्यातला एक ९०१६-४५-९. पहारेकऱ्याची बेरीज केली: ५, ८, १८, ४, ०, ५४. एकूण ८९, शेवट ९. मेलेल्या माशाचं चित्रही जुळतं. पण त्याच शेपटाचे दुसरे कितीतरी नंबर आहेत, आणि सुरुवातीचे आकडे कोणाच्या तरी पत्र्याखाली गेले. काकू येता-जाता विचारतात, "लागला का जी नंबर?" मी म्हणतो, अर्धा लागला. "मंग सातशातले साडेतीनशे तरी त्याच्यापासून आनून द्या," म्हणतात.